कोटेशनची शेवटची ओळ

लहान दवाखान्यासाठी आलेलं सर्व्हरचं कोटेशन मी आता खालून वर वाचतो. इतकी कोटेशनं पाहिली की ही सवयच लागली. वरच्या भागात प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, विंडोजचं लायसन्स, नेटवर्कची वायर, बसवण्याचा खर्च असं सगळं असतं. डॉक्टरांनी त्यावर पेनानं खुणा केलेल्या असतात, दोनतीन ठिकाणी भाव पाडून घेतलेला असतो. आणि तळाशी, जीएसटीच्या जरा वर, एक ओळ असते: ‘बॅकअपसाठी एक्सटर्नल हार्ड डिस्क, १ टीबी, नग १.’ या ओळीवर कोणी खूण करत नाही, भाव करत नाही, प्रश्नही विचारत नाही. वीस खाटांच्या नर्सिंग होमची सगळी आठवण या एका ओळीवर उभी असते.

‘सर्व्हर कुठला घेऊ?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याचं उत्तर सोपं आहे आणि मी ते पुढे देणारच आहे. पण हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न असा की उद्या सकाळी नऊ वाजता हा सर्व्हर मेला, तर दहा वाजता ओपीडीत बसलेल्या माणसाचा मागचा कागद तुम्हाला कोण आणि कुठून काढून देणार? सर्व्हर पैसे टाकून मिळतो. बॅकअप तसा मिळत नाही. तो कोणाला तरी रोज घ्यावा लागतो आणि दुसऱ्या कोणाला तरी तो खरा आहे का, हे बघावं लागतं. हे बघण्याचं काम संगणकवाल्याच्या गळ्यात घालून मोकळं होता येत नाही. ते वॉर्डच्या रोजच्या कामात यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. एका तालुक्याच्या गावी, नवराबायको दोघंही डॉक्टर असलेल्या एका नर्सिंग होममध्ये सोमवारी सकाळी सर्व्हर सुरूच होईना म्हणून मला बोलावलं. डिस्क गेली होती. कानाजवळ नेली की आतून टिक टिक असा बारीक आवाज यायचा. सर्व्हरला एकच डिस्क होती, पण मी घाबरलो नाही, कारण रिसेप्शनच्या ताईंनी लगेच ड्रॉवरमधून एक्सटर्नल डिस्क काढून दिली. लाल कापडी पाऊचमध्ये, नीट जपून ठेवलेली. ‘मी रोज संध्याकाळी घेते, एकही दिवस चुकवलेला नाही,’ त्या म्हणाल्या. ते अक्षरशः खरं होतं. त्यांच्या वहीत रोजची तारीख आणि सही होती.

डिस्कवर सगळी फोल्डरं होती. रेफरन्सची पत्रं होती, मेडिक्लेमचे स्कॅन होते, अगदी शनिवारचेसुद्धा होते. नव्हती ती फक्त एक फाइल, जिच्यात पेशंटची नोंद असते ती. कॉपी करताना रोज एक चौकट यायची: ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे, पुन्हा प्रयत्न करायचा की सोडून द्यायची? पहिल्या दिवशी त्यांनी फोन करून विचारलं होतं. पलीकडून कोणीतरी ‘स्किप करा’ म्हणालं. तेव्हापासून त्या रोज ‘स्किप’ करत होत्या. चालू डेटाबेसची फाइल अशी ओढून कॉपी होत नाही, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी अपडेटसाठी आलेल्या माणसानं सॉफ्टवेअर बंद करून एकदा कॉपी घेतली होती, तीच शेवटची खरी कॉपी निघाली.

त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत तिथे होतो. मॅडमच्या ओपीडीत सातव्या महिन्यातली एक मुलगी आली, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. तिचा रक्तगट निगेटिव्ह आहे एवढं तिला माहीत होतं. त्यासाठीचं इंजेक्शन दिलंय का, केव्हा दिलंय, हे तिला सांगता येईना. सरांच्या खोलीत एक आजोबा होते. कुठल्या गोळ्या चालू आहेत, या प्रश्नाला ते म्हणाले, ‘एक पांढरी, एक अर्धी.’ डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला घरी फोन करायला लावला आणि पाकिटावरचं नाव वाचून घेतलं. मुलगा घरी होता म्हणून बरं. हा सगळा वेळ त्या रिसेप्शनच्या ताई काउंटरमागे उभ्या राहून रडू आवरत होत्या. मला आजही वाटतं की त्या खोलीत सगळ्यात कमी चूक त्यांची होती.

आणि तरीही त्याच इमारतीत, वीस पावलांवर, जिच्यात अशा चुकीला जागाच राहत नाही अशी एक व्यवस्था व्यवस्थित चालू होती. वॉर्डच्या दारात तातडीची ट्रॉली उभी होती. त्यात अॅड्रिनॅलिन, अॅट्रोपिन, एअरवे, अंबू बॅग होती, आणि ट्रॉलीला लटकवलेलं रजिस्टर. प्रत्येक पाळीला सिस्टर येते, अँप्यूल मोजते, मुदत वाचते, लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघते आणि सही करते. दिवा लावून बघते, हे महत्त्वाचं. नुसतं ‘लॅरिंगोस्कोप आहे’ असं लिहून चालत नाही. लसींच्या फ्रिजवर तापमानाचा तक्ता असतो, दोन ते आठ अंशांच्या मधलं तापमान सकाळ-संध्याकाळ वाचून लिहिलं जातं. फ्रिज चांगल्या कंपनीचा आहे म्हणून कोणी तक्ता बंद करत नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे, हे पुरवठादाराच्या शब्दावर कोणी मानत नाही, काटा बघतात. दवाखान्यांना ही शिस्त शिकवावी लागत नाही, तिच्यात ते आपल्या सगळ्यांच्या पुढे आहेत. फक्त पेशंटच्या नोंदींना त्यांनी या शिस्तीत कधी घेतलं नाही. कारण नोंदी संगणकात गेल्या आणि संगणक ही ‘सॉफ्टवेअरवाल्याची’ गोष्ट झाली.

संगणकातले मुरलेले लोकही यातून सुटलेले नाहीत. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांसाठी काम करणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका माणसाकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपचे आणि प्रतींचे मिळून पाच मार्ग होते. ऐन वेळी पाचांपैकी एकही धड चालला नाही. वाचवलं ते एका इंजिनिअरनं सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेल्या कॉपीनं. ही हकीकत त्यांनी स्वतःच जगासमोर मांडली, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पाच मार्ग असणं आणि त्यातला एक वापरून बघितलेला असणं, यांतला फरक त्यांच्यामुळे शिकवायला सोपा झाला.

आता सर्व्हरकडे येतो. आधी आपला पसारा केवढा आहे ते मोजावं. बहुतेक डॉक्टर ते मोजत नाहीत आणि विकणाऱ्यानं सांगितलेला आकडा मानतात. समजा ओपीडीत रोज साठ पेशंट येतात आणि वर्षाला तीनशे दिवस काम चालतं. म्हणजे अठरा हजार भेटी. एका भेटीची तक्रार, तपासणी, औषधं, बिल ही सगळी अक्षरं आणि आकडे आहेत. प्रत्येकी वीस केबी धरले तरी वर्षाचे ३६० एमबी होतात. दहा वर्षांचे साडेतीन जीबीच्या आसपास. दवाखान्याचं दहा वर्षांचं शहाणपण खिशातल्या पेन ड्राइव्हवर मावतं आणि वर जागा उरते.

फोटोंचं गणित वेगळं. डिजिटल एक्स-रेची एक प्रतिमा दहा एमबीची धरली आणि रोज पंधरा काढले, तर वर्षाला ४५ जीबी होतात. सीटी स्कॅनचा एक काप म्हणजे ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येकाला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. पाचशे कापांची एक तपासणी अडीचशे एमबीची. रोज दहा सीटी होत असतील तर वर्षाला पाऊण टीबी होतो. ज्याच्याकडे सीटी आहे त्याची गरज निराळी, आणि त्यानं निराळाच सल्ला घ्यावा. पण आपल्याकडच्या बहुसंख्य लहान दवाखान्यांत सोनोग्राफी आणि एक्स-रेच्या पुढे काही नसतं.

या आकडेमोडीतून माझी पहिली शिफारस निघते. नोंदी आणि प्रतिमा वेगळ्या करा. नोंदी लहान आहेत आणि त्या तासाभरात परत हव्यात. प्रतिमा मोठ्या आहेत, पण मागच्या वर्षीचा एक्स-रे दोन दिवसांनी आला तरी सहसा चालतं, कारण त्याचा रिपोर्ट नोंदींत असतो. दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले की गाठोडं जड होतं, बॅकअपला रात्र पुरत नाही आणि एक दिवस कोणीतरी तो बंद करून टाकतो.

दुसरी शिफारस यंत्राची. वीस खाटांना कपाटाएवढा, पंख्यांचा घोंगाट करणारा रॅक सर्व्हर नको. टॉवरसारखा उभा राहणारा साधा सर्व्हर घ्या, बारीकसारीक चुका आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असलेला, त्यात दोन डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या जोडलेल्या, म्हणजे कोटेशनच्या भाषेत ‘रेड’. एक डिस्क गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं, दुपारी नवी बसवता येते. सोमवारी सकाळची ती टिक टिक एवढ्यानं निभावली असती. पण आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, आणि इथे फार लोक फसतात. आरशासमोर तुम्ही कुंकू पुसलं तर आरशातलंही पुसलं जातं. कोणी चुकून महिन्याची बिलं डिलीट केली तर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातात. त्यामुळे कोटेशनमध्ये ‘रेड आहे, म्हणजे बॅकअप आलाच’ असं कोणी सांगितलं तर त्या माणसाला चहा पाजून निरोप द्यावा.

विजेबद्दल थोडक्यात. सर्व्हरला स्वतःचा यूपीएस हवा, दवाखान्याच्या इन्व्हर्टरवर भागवू नये. यूपीएसपासून सर्व्हरला एक यूएसबीची वायर जाते, बॅटरी संपत आली की सर्व्हर शहाण्यासारखा स्वतः बंद होतो. ती वायर खोक्यातच राहिलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. बॅटरी दोनतीन वर्षांत म्हातारी होते, तिच्यावर बसवल्याची तारीख मार्करनं लिहा. आणि सर्व्हर रिसेप्शनच्या टेबलाखाली ठेवू नका. तिथे पाय लागतो, ओला पोछा लागतो, आणि मोबाइल चार्ज करायला कोणीतरी प्लग काढतो.

यंत्रावर वाचलेले पैसे शेवटच्या ओळीत घाला, हा या सगळ्याचा मतलब.

‘मग हे सगळं क्लाउडवरच का नको?’ हा प्रश्न मी हलका मानत नाही. त्याच्या बाजूनं बरंच काही आहे. मोठ्या कंपनीच्या इमारतीत धूळ नाही, उंदीर नाहीत, वीज जात नाही, रात्रपाळीला माणसं जागी असतात. दोन डॉक्टरांच्या नुसत्या ओपीडीला, जिथे रात्री पेशंट भरती नसतात, मी स्वतः क्लाउडवरचं सॉफ्टवेअर सुचवतो. पण जिथे रात्री दोन वाजता सिस्टरला औषधाचा चार्ट बघावा लागतो, तिथे रस्त्याच्या कामाला आलेल्या जेसीबीनं केबल तोडली की वॉर्ड आंधळा होऊन चालत नाही. शिवाय परतीचा प्रवास कोणी मोजत नाही. रोजचे दीडशे एमबी वर पाठवणं सोपं आहे, कळतसुद्धा नाही. पण सगळं गेल्यावर पाचशे जीबी खाली आणायचे तर ५० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगानं अखंड चालली तरी बावीस तास लागतात. आणि ती अखंड चालत नाही.

ढग म्हटलं तरी शेवटी तीही जमिनीवरची इमारतच असते. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथलं ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्या गिऱ्हाइकांनी मूळ माल आणि त्याची प्रत दोन्ही त्याच आवारात ठेवले होते, त्यांचे दोन्ही गेले. म्हणून कामाची प्रत आपल्या छपराखाली आणि जपायची प्रत दुसऱ्या छपराखाली, असं मी सांगतो. आणि सगळं क्लाउडवर असेल तर उलट, आठवड्याला एक प्रत खाली उतरवून स्वतःजवळ ठेवायची. क्लाउडवाल्याला सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: ‘मी उद्या तुम्हाला सोडलं, तर माझे पेशंट मला कुठल्या स्वरूपात परत मिळतील?’ उत्तर ‘पीडीएफ देऊ’ असं आलं, तर तुमच्या अठरा हजार भेटी पुन्हा हातानं टाइप कराव्या लागतील, हे समजून घ्या.

सॉफ्टवेअरवाल्यालाही असेच एकदोन प्रश्न आहेत. तुमचा डेटाबेस कोणता? आपल्याकडची अनेक दवाखान्यांची सॉफ्टवेअरं मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मोफत आवृत्तीवर चालतात. आवृत्ती चांगली आहे, लहान कामाला पुरते. पण तिच्यात ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारा भाग नाही. तो विंडोजच्या शेड्यूलरमधून वेगळा लावावा लागतो, आणि कोणी लावला नाही तर तो होत नाही, एवढं सरळ आहे. शिवाय वर्षानुवर्षं चालत आलेल्या तिच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. स्कॅन केलेले कागद डेटाबेसच्या पोटात भरत गेलं की एक दिवस ती भिंत लागते आणि नवीन पेशंट नोंदवलाच जात नाही. हे आधी विचारलं तर दोन मिनिटांचं काम आहे.

‘आमच्यासारख्या छोट्यांवर कोण हल्ला करतंय?’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात कितीतरी दिवस कागदावर कामकाज चाललं. ती बातमी वाचून लहान दवाखान्यांनी स्वतःला सुरक्षित मानलं, कारण बातमी मोठ्याची होती. पण मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आठवा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत त्याची लागण झालेल्यांत ५९५ जनरल प्रॅक्टिस होत्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरांसारखे दवाखाने. त्या रोगाला कोणाची पाटी वाचता येत नव्हती. दार उघडं दिसलं की आत शिरायचं, एवढंच त्याला कळत होतं. आणि त्या दाराची कडी मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी अपडेटमधून देऊन ठेवली होती. आपल्याकडे आज किती रिसेप्शनवर विंडोज १० चालू आहे ते बघा. त्याचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले.

उघडं दार आपल्याकडे बहुतेक वेळा आपणच ठेवलेलं असतं. सॉफ्टवेअरवाल्याला घरून दुरुस्ती करता यावी म्हणून रिमोटची वाट चोवीस तास मोकळी असते आणि पासवर्ड दवाखान्याचं नाव अधिक एकदोनतीन असतो. फोन करून मागतील तेव्हा उघडायची, काम झालं की बंद करायची, एवढा नियम पुरे आहे.

खंडणीच्या या व्हायरसपुढे बॅकअपची खरी परीक्षा होते. सर्व्हरला कायम जोडलेली एक्सटर्नल डिस्क व्हायरसला दुसऱ्या ड्राइव्हसारखीच दिसते, तो तीही कुलूपबंद करतो. नेटवर्कवर ठेवलेल्या नॅसच्या डब्याचंही तेच, आणि इंटरनेटला उघडे ठेवलेले असे डबे नेमके शोधून मारणारे व्हायरस २०२१ आणि २०२२ मध्ये येऊन गेले. म्हणून एक तरी प्रत वायर काढलेली हवी. दोन डिस्क घ्या, एकीवर मार्करनं ‘सोम’ आणि दुसरीवर ‘गुरु’ लिहा. एक जोडलेली असेल तेव्हा दुसरी इमारतीबाहेर असली पाहिजे. पैसे भरून सुटू, हा विचारही सोडा. आयर्लंडच्या आरोग्यसेवेला मे २०२१ मध्ये हल्लेखोरांनी आठवड्याच्या आत किल्ली फुकट दिली होती. तरी सगळे सर्व्हर उघडून व्हायला सप्टेंबर उजाडला.

‘इमारतीबाहेर’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ‘दुसरी डिस्क कुठे ठेवता?’ असं विचारलं की डॉक्टर हमखास म्हणतात, ‘घरी.’ आणि घर कुठे असतं? दवाखान्याच्या वर. आपल्याकडच्या लहान दवाखान्यांची बांधणीच अशी आहे: खाली ओपीडी, मधे वॉर्ड, वर राहायचं. खाली शॉर्टसर्किट झालं तर वरच्या कपाटातली डिस्क काय टिकणार? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला तळमजले पाण्याखाली गेले. तिथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांना लागतं. नदीकाठच्या गावात सर्व्हर तळमजल्यावर नको आणि दुसरी प्रत त्याच गावात नको. पुण्याला शिकणाऱ्या मुलीकडे, दुसऱ्या तालुक्यातल्या भावाकडे, बँकेच्या लॉकरमध्ये, कुठेही चालेल. मात्र ती डिस्क कुलूपबंद करूनच बाहेर पाठवायची, कारण तिच्यात लोकांची गुपितं आहेत. कोणाची एचआयव्हीची तपासणी, कोणाचा गर्भपात, कोणाची मानसोपचाराची गोळी. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत असं कुलूप लावायची सोय असते. त्याची किल्ली कागदावर लिहून, दोन पाकिटांत घालून, दोन ठिकाणी ठेवा. किल्ली हरवली की ती डिस्क नुसती वीट आहे.

कायद्याची भाषा आता कडक झाली आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, वाजवी सुरक्षा ठेवली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, आणि २०२५ मध्ये आलेल्या नियमांत सुरक्षेच्या उपायांमध्ये बॅकअपचा उल्लेखच आहे. सायबर हल्ला झाल्याचं कळल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेला कळवायचं, हा आदेश २०२२ पासून आहे. पण माझ्या मते दवाखान्याला सर्वांत जवळचा नियम जुना आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात आणि पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. ‘सर्व्हर क्रॅश झाला’ हे त्या ७२ तासांचं उत्तर होत नाही. आणि तीन वर्षं हा आकडाही मला तोकडा वाटतो. आज जन्मलेल्या बाळाला कावीळ किती झाली होती, फोटोथेरपी किती दिवस दिली, हे ते मूल शाळेत ऐकू येत नाही म्हणून तपासायला आणतील तेव्हा कोणीतरी विचारणार आहे.

‘आभा कार्ड आलंय, आता सगळं सरकारकडे असतं ना?’ असं मला एका तरुण डॉक्टरनं मनापासून विचारलं होतं. नसतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचनाच अशी आहे की नोंदी ज्यानं तयार केल्या त्याच्याकडेच राहतात, आभा फक्त त्यांना जोडणारा धागा आहे. तुमच्याकडची नोंद गेली तर धागा रिकाम्या खुंटीला बांधलेला राहतो.

आपल्या पेशंटांनी मात्र एक बॅकअप कधीपासून चालवला आहे, आणि त्याचा मी मान राखतो: प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात जुनी डिस्चार्ज कार्डं, सोनोग्राफीचे फिकट पडलेले कागद, रक्ताचे रिपोर्ट असतात. दूरच्या छपराखाली, वायर न लावलेली, आणि ज्याची गोष्ट आहे त्याच्याच हातात असलेली ही प्रत. सॉफ्टवेअर आल्यावर काही दवाखान्यांनी कागद वाचवायला छापील कार्ड देणं कमी केलं. ते पुन्हा द्यावं, औषधांची नावं आणि मात्रा स्पष्ट छापून. त्या सोमवारी दुपारनंतर आलेल्या ज्या पेशंटांकडे पिशवी होती, त्यांचं काम अडलं नाही. आणि सर्व्हर बंद असेल त्या दिवसासाठी छापील कोऱ्या केस पेपरचा एक गठ्ठा काउंटरवर हवाच.

त्या नर्सिंग होमनं पुढे काय केलं ते सांगतो. मॅडमनी ट्रॉलीच्या रजिस्टरसारखं एक रजिस्टर केलं. जुना, विकायला काढलेला संगणक विकला नाही, तो कोपऱ्यात ठेवला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी ओपीडी संपली की रिसेप्शनच्या ताई त्या आठवड्याची डिस्क या जुन्या संगणकाला लावून सगळा डेटा परत उभा करतात. मग वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर तीन नावं सांगतात: एक कालचं, एक मागच्या वर्षीचं, एक खूप जुनं. तिन्ही नोंदी पडद्यावर उघडायच्या, हातातल्या केस पेपरशी ओळ न ओळ ताडायच्या, किती वेळ लागला ते लिहायचं, दोघींनी सही करायची. नोंद वाचायला सिस्टर का, तर ताईंना फाइल उघडली हे कळतं, सिस्टरला इन्सुलिनच्या युनिटचा आकडा चुकीचा आहे हे कळतं.

पहिल्या शनिवारी मीही होतो. डेटा उभा राहायला चाळीस मिनिटं लागली. जुनं नाव सापडलं, मागच्या वर्षीचंही. शुक्रवारचं मात्र सापडेना. सिस्टरनी केस पेपर पुन्हा बघितला: पेशंट रात्री अकरा वाजता भरती झाला होता, आणि बॅकअपला मी नऊची वेळ लावून दिली होती, कारण दवाखाना नऊला बंद होतो असं माझ्या डोक्यात होतं. ‘ओपीडी बंद होते हो, वॉर्ड कुठे बंद होतो?’ त्या म्हणाल्या. आम्ही वेळ बदलून पहाटे तीनची केली, दुपारी दोनला आणखी एक लावली, आणि ताईंनी रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात ते लिहून घेतलं.